सायटेशन म्हणजे काय? 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय' हा दावा मोबाइलवर असा तपासा

शेवग्याच्या पानांची पावडर, जांभळाच्या बियांचं चूर्ण, हळदीच्या कॅप्सूल. जाहिरात कसलीही असो, एक वाक्य ठरलेलं असतं: 'यात भरपूर अँटिऑक्सिडंट आहेत, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.' पैसे देण्याआधी हा दावा तुम्ही पालममध्ये बसूनही तपासू शकता. त्यासाठी सायटेशन म्हणजे काय आणि त्यावरून काय कळतं, एवढं माहीत हवं.

अँटिऑक्सिडंट म्हणजे काय?

आपल्या शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना 'फ्री रॅडिकल' नावाचे अस्थिर कण तयार होतात. ते जास्त झाले तर पेशींचं नुकसान करतात. त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. आवळ्यातलं क जीवनसत्त्व, हळदीतलं कर्क्युमिन, गाजरातलं बीटा-कॅरोटीन ही त्याची उदाहरणं.

प्रयोगशाळेत ते मोजायची एक सोपी पद्धत आहे, डीपीपीएच चाचणी. डीपीपीएचचं द्रावण गडद जांभळं असतं. त्यात वनस्पतीचा अर्क टाकला आणि रंग पिवळट झाला, तर अर्कात अँटिऑक्सिडंट आहेत असं समजतात. मार्सडेन ब्लॉइस यांनी ही पद्धत 1958 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मांडली. स्वस्त आणि झटपट असल्यामुळे ती आजही जगभर वापरली जाते.

सायटेशन म्हणजे काय?

एका शास्त्रज्ञाने आपल्या शोधनिबंधात दुसऱ्याच्या निबंधाचा संदर्भ दिला, की दुसऱ्याच्या खात्यात एक सायटेशन जमा होतं.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले टी. पी. ए. देवसगायम यांनी पुणे विद्यापीठाच्या सरोज घासकडबी, डॉ. आर. डी. लेले आणि इतर सहकाऱ्यांसोबत 2004 मध्ये फ्री रॅडिकल आणि अँटिऑक्सिडंटवर एक लेख लिहिला. तो भारतीय फिजिशियन संघटनेच्या जर्नलमध्ये छापून आला. पुढे हजाराहून जास्त निबंधांनी त्याचा संदर्भ दिला.

पण हा 'रिव्ह्यू' प्रकारचा लेख आहे, म्हणजे तोवर झालेल्या संशोधनाचा आढावा. एखाद्या वनस्पतीवर काम करणाऱ्याला प्रस्तावनेत विषयाची ओळख करून द्यायची असते, तेव्हा असा आढावा कामाला येतो. म्हणूनच रिव्ह्यू आणि पद्धती सांगणारे निबंध सायटेशनमध्ये बहुतेक वेळा पुढे असतात.

एच-इंडेक्स कसा काढतात?

हे गणित जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये मांडलं. समजा एका शास्त्रज्ञाचे 5 निबंध आहेत आणि त्यांना 40, 12, 6, 4 आणि 1 अशी सायटेशन्स आहेत. किमान 4 सायटेशन्स असलेले निबंध 4 आहेत, म्हणून एच-इंडेक्स 4. गूगल स्कॉलरवर आय-10 हा आकडाही दिसतो. तो म्हणजे किमान 10 सायटेशन्स मिळालेले निबंध किती. इथे असे 2 आहेत.

आकडा मोठा म्हणजे दावा खरा?

नाही. सायटेशनवरून एवढंच कळतं की निबंध किती जणांच्या कामी आला. चुका दाखवण्यासाठी दिलेला संदर्भही त्यात मोजला जातो.

शिवाय परीक्षानळीतला रंग बदलणं वेगळं आणि माणसाला फायदा होणं वेगळं. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर मोठी चाचणी झाली. फायदा होईल या आशेने त्यातल्या काहींना रोज बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या दिल्या. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण कमी नाही, उलट 18 टक्क्यांनी जास्त निघालं. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता सांगणारी आपली यादी 2012 मध्ये वेबसाइटवरून काढली. कंपन्या त्या आकड्यांचा जाहिरातीत गैरवापर करत होत्या.

याचा अर्थ आवळा किंवा गाजर वाईट असा नाही. ताटातली भाजी आणि बाटलीतली गोळी यांना एकच नियम लावू नका, एवढंच.

मोबाइलवर कसं तपासायचं?

1. ब्राउझरमध्ये गूगल स्कॉलर उघडा. वनस्पतीचं शास्त्रीय नाव टाका, उदाहरणार्थ शेवग्यासाठी 'मोरिंगा ओलिफेरा'. स्पेलिंग इंग्रजीत लिहा.
2. निबंधाखाली 'सायटेड बाय' आणि एक आकडा दिसेल. त्यावर टॅप केलं की संदर्भ देणारे निबंध उघडतात. नंतरच्या लोकांनी काय म्हटलंय ते तिथे वाचा.
3. सारांशात प्रयोग कशावर झाला ते शोधा: परीक्षानळीत, उंदरांवर की माणसांवर?
4. माणसांवर असेल तर किती जणांवर आणि किती दिवस, ते बघा.
5. शीर्षकाआधी 'रिट्रॅक्टेड' लिहिलेलं असेल, तर तो निबंध मागे घेतलेला आहे. त्यावर विसंबू नका.

जाहिरातीत निबंधाचं नावच दिलेलं नसेल, तर विक्रेत्याकडे ते मागा. आणि चालू असलेलं औषध बंद करून चूर्ण घ्यायचा विचार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.