एक क्वार्टरबॅक, किती बळ?
अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. तो संघाला किती उंचावतो, याबाबत महाविद्यालयीन स्पर्धेतील ऑबर्न विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. २००९ मध्ये ८ विजय, ५ पराभव. २०१० मध्ये कॅम न्यूटन येताच १४ पैकी १४ विजय आणि राष्ट्रीय विजेतेपद. तो व्यावसायिक फुटबॉलकडे वळल्यावर २०११ मध्ये पुन्हा ८ विजय, ५ पराभव! न्यूटनने पासद्वारे ३० व स्वतः धावून २० टचडाउन साधले. अलाबामाविरुद्ध ०-२४ अशा पिछाडीवरून संघ २८-२७ असा जिंकला. तरीही सारे श्रेय त्यालाच देणे अन्यायाचे ठरेल. बचावात निक फेअरली होता. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या फळीतील पाचपैकी चौघे अखेरच्या वर्षाचे अनुभवी खेळाडू होते. २०११ मध्ये हे पाचही जण संघात नव्हते.