गाठीच्या सालातली फोडणी

गाठीचं, म्हणजे प्लेगचं, साल आलं तेव्हा आजी सात-आठ वर्षांची असेल. पुण्यात बिऱ्हाड शनिवारात होतं की कसब्यात, यावर माझ्या आत्यांचं कधी एकमत झालं नाही. घरझडतीला आलेले लष्कराचे सोजीर मात्र सगळ्यांच्या सांगण्यात सारखेच. बूट घालून थेट माजघरात शिरले, धान्याची मडकी उपडी केली, अंथरुणं अंगणात ओढली. ताप दिसला की ते माणूस उचलून नेत. आजीच्या धाकट्या भावाला ताप होता, बहुधा साधा पडशाचा. आईने त्याला माळ्यावर गोवऱ्यांमागे दडवलं आणि चुलीवर सुक्या मिरच्यांची फोडणी टाकली. मग सगळं घरच खोकू लागलं, सोजीरसुद्धा. त्यात पोराचा खोकला कोणाला कळणार? आजीने ही फोडणी वर्षानुवर्षं खुलवली असेल, पण तिच्या आईचं भय मला खरंच वाटतं.

मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये प्लेग ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा आला, अवघ्या चार कलमांचा. त्यातलं शेवटचं कलम असं, की या कायद्याखाली सद्हेतूने काही केलं तर कोणावर दावा लावता येणार नाही. इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांना पुण्याच्या रयतेने थोडंच निवडलं होतं! जाब द्यायचा तो लंडनला. आणि तिथे धास्ती होती युरोपातली बंदरं मुंबईचा माल अडवतील याची. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड हा अधिकारी नेमला गेला आणि मार्च ते मे लष्कराकडून घरझडत्या झाल्या.

रोगी वेगळा ठेवणं, घर धुऊन काढणं, हे गैर नव्हतं. त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याकडच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या आणि प्लेगनेच वारल्या. त्याही रोगी घरातून उचलूनच नेत होत्या. पण त्यांच्या हाती आयांनी पोरं आपणहून दिली असती. सोजिरांपासून मात्र ती लपवली गेली, आणि लपवलेला ताप आळीभर पसरला. मला त्या सरकारचा राग येतो तो इथे.

२२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली, पुढे लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली, हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

नंतरच्या काही वर्षांत सक्ती सैल झाली. आजी तोवर सासरी, साताऱ्याकडे. तिथे घरात उंदीर मरून पडला की कोणी सांगायची वाट पाहत नसे. बैलगाडीत जातं, तवा, लोणच्याची बरणी चढायची आणि गाव माळावरच्या झोपड्यांत जायचं. तीन दगडांची चूल, पिठलं-भाकरी, शेजारणीकडून आलेला ठेचा. सासूबाईंनी त्या कुडाच्या झोपडीतही सोवळं सोडलं नाही, याचं आजीला म्हातारपणीसुद्धा हसू यायचं. कोणाची झोपडी कोणाशेजारी, हे ती बोटांवर मोजून सांगे. आणि त्या माळावर कोणी कोणाचा ताप लपवत नव्हतं, हेही.