अरुशाचा करार का बुडाला?

युद्धाने होरपळलेल्या देशात दोन्ही पक्षांना एका मंत्रिमंडळात बसविले की शांतता नांदू लागेल, अशी समजूत सर्वत्र आढळते. वाटणी रास्त झाली की तंटा मिटतो, असे आपणही मानतो. रवांडाचा इतिहास वाचताना मात्र या समजुतीचा फेरविचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आफ्रिकेतील या चिमुकल्या देशात बहुसंख्य हुतू आणि अल्पसंख्य तुत्सी एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात ओळखपत्रावर प्रत्येकाची जमात नोंदवून त्यांच्यातील भेद पक्का केला. १९५९ पासूनच्या हिंसाचारात असंख्य तुत्सी परागंदा झाले. या निर्वासितांच्या पुढच्या पिढीने उभारलेल्या 'रवांडा देशभक्त आघाडी'ने १ ऑक्टोबर १९९० रोजी युगांडातून चढाई केली. अखेर ४ ऑगस्ट १९९३ रोजी टांझानियातील अरुशा येथे ही आघाडी आणि अध्यक्ष हाब्यारिमाना यांचे सरकार यांच्यात समेट झाला.

कागदावर ही वाटणी मोठी काटेकोर होती. २१ मंत्रिपदांपैकी सत्ताधारी पक्षास ५, आघाडीस ५ आणि उरलेली ११ इतर पक्षांना. नव्या सैन्यात सरकारचे ६० टक्के, तर आघाडीचे ४० टक्के सैनिक. अधिकारी मात्र निम्मे-निम्मे. मग असा करार बुडाला कशाने?

करारात कोणाला काय मिळणार हे लिहिले होते. ज्यांचे जाणार होते त्यांना आवरण्याची तजवीज नव्हती. सशस्त्र पोलिसांसह नवे सैन्य केवळ १९,००० चे असणार होते. म्हणजे हजारो सैनिकांची भाकरी सुटणार होती. अध्यक्षांच्या गोटातील मंडळींची वर्षानुवर्षांची सद्दी संपणार होती. कडव्या हुतू गटाला तर मंत्रिमंडळात स्थानच नव्हते. या असंतुष्टांच्या हाती शस्त्रे होती, तरुणांच्या टोळ्या होत्या आणि द्वेष ओकणारे नभोवाणी केंद्रही होते. त्यातच २१ ऑक्टोबर १९९३ रोजी शेजारच्या बुरुंडीत निवडून आलेले पहिले हुतू अध्यक्ष एनदादाये यांची तुत्सी सैनिकांनी हत्या केली. 'तुत्सींशी सत्ता वाटून घेण्याचे फळ पाहा', असे सांगणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. संक्रमणकालीन सरकारचा मुहूर्त पुनःपुन्हा टळत गेला.

कराराचे रक्षण करण्यास संयुक्त राष्ट्रांचे सुमारे २,५०० सैनिक आले. परंतु बळ वापरण्याची पुरेशी मुभा त्यांना नव्हती. ६ एप्रिल १९९४ रोजी हाब्यारिमाना यांचे विमान पाडण्यात आले. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान अगाथा उविलिंगियिमाना आणि त्यांच्या रक्षणार्थ गेलेले १० बेल्जियन सैनिक मारले गेले. २१ एप्रिल रोजी सुरक्षा समितीने, हत्याकांड ऐन भरात असताना, शांतिसेना २७० वर आणण्याचा ठराव केला! सुमारे १०० दिवसांत ८ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. त्यांत बहुसंख्य तुत्सी होते. तसेच समेटाच्या बाजूने उभे राहिलेले हुतूही होते.

हा देश बहुतांशी ख्रिस्ती, त्यातही कॅथलिकांची संख्या मोठी, हे आम्ही विसरू शकत नाही. न्यामाता, न्तारामा येथील चर्चमध्ये आश्रयाला आलेल्यांचीच कत्तल झाली. २० मार्च २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी ख्रिस्तसभेच्या आणि तिच्या सदस्यांच्या पापांबद्दल परमेश्वराकडे क्षमायाचना केली. द्वेषाला बळी पडलेल्या धर्मगुरूंचा व व्रतस्थांचा त्यात स्पष्ट उल्लेख होता.

सत्तेची वाटणी व्यर्थ असते, असे आमचे म्हणणे नाही. अरुशात टेबलाशी बसलेल्यांनी पदे मोजली. परंतु ज्यांच्या हातून पद निसटणार होते त्यांची शस्त्रे आधी काढून घेणे, द्वेषाचा प्रचार थांबविणे आणि दुर्बलांच्या संरक्षणाची खरीखुरी हमी देणे, ही कामे राहून गेली. त्यांची किंमत मोजली ती त्या टेबलाशी कधीच न बसलेल्या शेतकऱ्यांनी, मातांनी आणि मुलांनी.