एका मताचा तिसरा हिस्सा

संसदेचा इतिहास लिहिणारे बहुधा भाषणांचा इतिहास लिहितात. अमक्या मंत्र्याने कोणते मुद्दे मांडले, विरोधकांनी त्यास कसे निरुत्तर केले, ही वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु भाषणे आटोपल्यावर घंटा वाजते, सभागृहाची दारे बंद होतात आणि मोजणी होते, त्या थोड्या मिनिटांकडे फारसे कोणी पाहत नाही. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी यांचे मंत्रिमंडळ २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, हे मात्र सर्वांस ठाऊक आहे. त्याहूनही बारीक फरकाने निकाल लागल्याचा प्रसंग राज्यसभेत ५ सप्टेंबर १९७० रोजी घडला. त्या दिवशी संस्थानिकांचे तनखे बंद करण्याचे विधेयक एका संपूर्ण मतानेही नव्हे, तर मताच्या तिसऱ्या हिश्श्याने फेटाळले गेले.

या विधेयकाकडे पाहण्याची परभणी जिल्ह्याची दृष्टी पुण्या-मुंबईहून निराळी असणे स्वाभाविक होते. पुणेकराच्या डोळ्यांपुढे संस्थानिक म्हटला की कोल्हापूरचे शाहू छत्रपती किंवा प्रजेस स्वराज्य देणारे औंधचे पंतप्रतिनिधी उभे राहतात. परभणीकरापुढे उभा राहतो तो निजाम. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या जिल्ह्यात फर्मान हाच कायदा होता. प्रौढ मताधिकार लोकांस मिळाला तो १९५२ च्या निवडणुकीत, आणि तो हाती येताच जिल्ह्याने सत्तारूढ पक्षास डावलून शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार लोकसभेत धाडला. निजामास मात्र विलीनीकरणानंतर वर्षास ५० लक्ष रुपयांचा तनखा ठरून मिळाला होता. रझाकारांच्या भीतीने ज्यांनी गावे सोडली, त्यांनी तनख्याची बाजू घ्यावी अशी अपेक्षा कोणी करू नये. प्रस्तुत लेखकही ती घेत नाही.

दुसरी बाजू अगदीच पोकळ होती असेही नाही. राज्यघटनेच्या २९१ व ३६२ या कलमांनी तनख्यांची व संस्थानिकांच्या मानमरातबाची हमी दिली होती. संस्थानांचे विलीनीकरण रक्तपातावाचून घडवून आणण्याची ही किंमत अल्पच आहे, असे सरदार पटेलांनी ऑक्टोबर १९४९ मध्ये घटना समितीस बजावले होते. १९६७ मध्ये काँग्रेसने तनखाबंदीचा ठराव केला, तेव्हापासून संस्थानिकांशी वाटाघाटी करण्याचे काम गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. तडजोड काही निघाली नाही. १९६९ साली काँग्रेस दुभंगली, इंदिरा गांधींचे सरकार कम्युनिस्ट, द्रमुक आदि पक्षांच्या आधारावर तगू लागले, आणि अखेर विधेयक संसदेपुढे आले. २ सप्टेंबर १९७० रोजी लोकसभेने ते संमत केले. तीन दिवसांनी पाळी आली राज्यसभेची.

येथे थोडा हिशेब मांडणे अवश्य आहे. घटनादुरुस्तीस ३६८ व्या कलमान्वये दोन अटी असतात: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येपैकी निम्म्याहून अधिकांचा पाठिंबा, आणि शिवाय उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी निदान दोन-तृतीयांशांचा पाठिंबा. पहिली अट सहज पुरी झाली. बाजूने १४९ मते पडली, विरुद्ध ७५. बेरीज २२४, तिचे दोन-तृतीयांश म्हणजे १४९ आणि वर एक-तृतीयांश. मनुष्याचे तुकडे पाडून मते मोजता येत नाहीत, म्हणून १५० मते हवी होती व ती नव्हती.

विलक्षण गोष्ट अशी की, सरकारास विरोधकांपैकी कोणाचे मतपरिवर्तन करण्याचीही गरज नव्हती. त्या पंचाहत्तरांतील एकच गृहस्थ मोजणीच्या वेळी बाहेर चहा घेत राहिला असता, तर मतदारांची संख्या २२३ झाली असती, तिचे दोन-तृतीयांश १४९ च्या आत राहिले असते आणि विधेयक पार पडले असते. किंवा बाजूचा एक सदस्य अधिक आला असता, तर २२५ पैकी १५० हा हिशेब काट्यावर काटा जुळला असता. सभापतींचे निर्णायक मत समसमान मते पडली तरच उपयोगी. येथे तो प्रश्नच नव्हता. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून मतभेद मिटविण्याची जी सोय साध्या विधेयकांस आहे, ती घटनादुरुस्तीस नाही. सर्व दारे बंद झाली होती.

सभात्यागाचे हत्यार आपल्याकडे जुने आहे. १९०१ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता व गोखले प्रभृति सभासद उठून गेले, कारण सरकारनियुक्तांच्या बहुमतापुढे त्यांच्या मतांस मोल नव्हते. बाहेर पडणे हेच त्यांचे मत होते. १९७० मध्ये असे उठून जाणे म्हणजे सरकारचे काम बिनबोभाट करून देणे झाले असते. विरोधक जागेवर बसून राहिले. त्यांच्यात संस्थानिकांचे चाहते होते, संघटना काँग्रेसचे रुष्ट पुढारी होते, जनसंघी व स्वतंत्रवादी होते. पण आपल्या उपस्थितीचे मोल ते ओळखून होते एवढे खरे.

यापुढे सरकारने जे केले ते मात्र आम्हांस आजही रुचत नाही. घटनेच्या ३६६ व्या कलमाच्या २२ व्या उपकलमात ‘राष्ट्रपतींनी ज्यास मान्यता दिली तो संस्थानिक’ अशी व्याख्या होती. मान्यता देता येते तर काढूनही घेता येते, असा तर्क लढवून मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी सर्व संस्थानिकांची मान्यता एकदम रद्द करविली. राष्ट्रपती गिरी त्या वेळी हैदराबादेत होते, आणि आदेशावर सही तेथेच झाली. ज्या शहरातून परभणीस फर्माने सुटत, त्याच शहरात निजामाचा वारस नातू मुकर्रम जाह याची मान्यता एका सहीने संपली. यात काव्यगत न्याय पाहून कित्येकांस त्या वेळी आनंद झाला असेल. तरीही संसदेने जे नाकारले, ते रात्रीतून एका सहीने साधावयाचे, ही रीत फर्मानाच्याच कुळातली नव्हे काय? निजाम गेला म्हणून हर्ष करणाऱ्या जिल्ह्याने निजामाची रीत परत आल्याचा हर्ष करू नये.

माधवराव शिंदे आदि संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले. नानी पालखीवाला यांनी त्यांची बाजू मांडली. १५ डिसेंबर १९७० रोजी अकरा न्यायमूर्तींपैकी नऊ जणांनी तो आदेश अवैध ठरविला: एखाद्याच्या वारसाविषयी वाद असता मान्यता ठरविण्याचा अधिकार निराळा, आणि संस्थाच समूळ उखडण्याचा अधिकार निराळा. लगोलग, त्याच महिन्यात, लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षास ३५२ जागा मिळाल्या. जे काम एका सहीने साधले नाही, त्यासाठी आता लोकांकडून उघड कौल मिळाला होता.

मग तीच गोष्ट पुन्हा संसदेत आली, सव्विसावी घटनादुरुस्ती म्हणून, आणि या वेळी दोन्ही सभागृहांत अपूर्णांकाचा प्रश्न उरला नाही. ती २८ डिसेंबर १९७१ रोजी अमलात आली. सौराष्ट्रातील कटोडियाच्या ठाकुराचा वार्षिक १९२ रुपयांचा तनखा आणि हैदराबादचा लक्षावधी रुपयांचा तनखा त्या दिवशी एकाच कलमाने बंद झाले.