मंडालेची राणी रंगूनपर्यंतच पोचली



नळदुर्गचा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिलाय. पावसाळ्यात बोरी नदी भरली की पाणीमहालावरून नर-मादी धबधबा कोसळतो आणि तो बघायला लांबलांबून माणसं येतात. किल्ला कुणी बांधला, कुणी जिंकला, पुढे कुणाच्या ताब्यात गेला, हे सांगणारे पुष्कळ भेटतात. पण राज्य गेल्यावर वाड्यातल्या बायकांचं काय झालं, त्या कुठे गेल्या, परत आल्या का, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही एका राणीची गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या मुलखातली नव्हती, पण आयुष्याची तेहतीस वर्षं तिनं आपल्या महाराष्ट्रात, रत्नागिरीत काढली. तिचं नाव सुपायालत. ती ब्रह्मदेशाची, म्हणजे आजच्या म्यानमारची शेवटची राणी.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा काहीजणींनी सहलीला गेल्यावर पाहिला असेल. थिबा हा तिचा नवरा. इरावती नदीकाठच्या मंडाले शहरात त्यांची राजधानी होती. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं. दुसऱ्याच दिवशी राजाराणीला बैलगाडीत बसवून नदीवर नेलं आणि बोटीवर चढवलं. राणीचं वय तेव्हा पंचवीस. थोरली मुलगी पाच वर्षांची, दुसरी दोन वर्षांची आणि तिसरी पोटात. सहा महिन्यांची गरोदर बाई एका दिवसात घराबाहेर काढली गेली. बोट रंगूनला आली, तिथून जहाजानं मद्रासला. मद्रासला तिसरी मुलगी जन्मली. ती ओली बाळंतीणच होती, तोवर 1886 च्या एप्रिलमध्ये सगळ्यांना रत्नागिरीला आणलं. चौथी मुलगी पुढच्या वर्षी रत्नागिरीत झाली.

रत्नागिरीच का? तिथं तेव्हा रेल्वे नव्हती, ब्रह्मदेश समुद्रापार लांब होता आणि पहारा ठेवायला गाव सोयीचं होतं. इंग्रजांची ही रीतच होती. दिल्लीचा बादशहा बहादूरशहा जफर याला त्यांनी 1858 मध्ये रंगूनला पाठवलं आणि तो तिथंच वारला. त्याची बेगम झीनत महलही रंगूनलाच गेली. पुढे रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना 1908 ते 1914 मंडालेच्या तुरुंगात ठेवलं. म्हणजे बघा, मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत. दोघांनाही आपापल्या मुलखापासून तोडलं, म्हणजे त्यांचा आवाज लोकांपर्यंत जाणार नाही.

राजवाडा सोडताना राजानं आपली जडजवाहीर एका इंग्रज अधिकाऱ्याच्या हवाली केली होती. त्यात एक फार मोठं माणिक होतं. राजा पुढे सरकारला पत्रांमागून पत्रं लिहीत राहिला, पण ते माणिक परत मिळालं नाही. बरोबर आणलेले दागिने रत्नागिरीत हळूहळू विकले गेले. घर सरकारच्या पेन्शनवर चालायचं, आणि ती किती द्यायची, कुणाच्या हातात द्यायची, हे सरकार ठरवायचं. आपल्या गटात आम्ही नेहमी सांगतो की हातातली वस्तू दुसऱ्याकडे देताना कागद घ्यावा, साक्षीदार ठेवावा. इथे तर राजाचाच कागद चालला नाही, कारण देणाऱ्याच्या हातात सत्ता उरली नव्हती.

समुद्राकडे तोंड असलेला मोठा राजवाडा 1910 मध्ये तयार झाला, तोवर चोवीस वर्षं बंगल्यांत गेली होती. 1912 मध्ये सुपायालतची धाकटी बहीण वारली. तीही थिबाचीच राणी होती. 1916 च्या डिसेंबरात थिबा वारला. सुपायालत म्हणाली, यांना इथं पुरायचं नाही, आपल्या देशात न्यायचं. तिनं दोन्ही शवपेट्या राजवाड्याच्या आवारात ठेवून दिल्या. सरकारनं परवानगी दिली नाही. शेवटी 1919 च्या मार्चमध्ये, तिच्या मर्जीविरुद्ध, दोघांना रत्नागिरीत समाधी दिली गेली. आणि लगेच पुढच्या महिन्यात तिला सांगितलं, आता तू परत जाऊ शकतेस. नवऱ्याला आणि बहिणीला मागे ठेवून जाण्याची ती परवानगी होती.

तर एप्रिल 1919 मध्ये राणी रंगूनला उतरली. बाई साठीला आलेली. तेहतीस वर्षांपूर्वी तिनं रंगून पाहिलं होतं ते कैदी म्हणून, बोटीतून. आता समोर होतं ते गजबजलेलं बंदर. तांदळाच्या गिरण्या, सागवानाचे ओंडके, विजेवर धावणाऱ्या ट्राम, आणि जहाजांतून उतरणारे मजूर. त्या काळी ब्रह्मदेश हिंदुस्थानच्याच कारभारात होता, तो वेगळा झाला 1937 मध्ये. त्यामुळे तेलुगू हमाल, तमिळ सावकार, बंगाली कारकून, गुजराती व्यापारी असे सगळे तिथं पोटासाठी जात. 1931 च्या शिरगणतीत रंगूनची वस्ती चार लाख होती आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक हिंदुस्थानातले होते. स्वतःच्या देशात परतलेल्या राणीच्या कानावर रस्त्यात पडत होत्या त्या परक्या भाषा.

पण त्या मजुरांना दोष देऊन चालणार नाही. आपल्याकडची माणसं ऊसतोडीला जातात, तशीच ती गेली होती. फायदा वरच्यांना होत होता. ब्रह्मी शेतकरी भातासाठी चेट्टियार सावकारांकडून कर्ज काढायचा. 1930 च्या मंदीत भाताचा भाव पडला, कर्ज फिटेना, आणि काही वर्षांत दक्षिण ब्रह्मदेशातल्या मुख्य भातजिल्ह्यांची जवळजवळ चौथा हिस्सा जमीन सावकारांकडे गेली. जमीन कशी जाते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

राणीला हवं होतं मंडाले. ते रंगूनपासून सहाशे किलोमीटरहून जास्त दूर. तिच्या राजवाड्यात आता इंग्रजांची छावणी होती. तिला रंगूनमध्ये घर दिलं, पेन्शन दिली, पण मंडालेत राहू दिलं नाही. लोक भेटायला येत, जुन्या रिवाजाप्रमाणे तिच्यापुढे वाकत. 24 नोव्हेंबर 1925 ला ती रंगूनमध्येच वारली. तिला मंडालेत नेऊन पुरावं अशी घरच्यांची मागणी होती. तीही नाकारली. सोन्यानं मढवलेल्या, शंभर मीटरच्या आसपास उंच श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे. नवरा रत्नागिरीत, बायको रंगूनमध्ये, आणि दोघांचं घर मंडालेत.

आता थोरल्या मुलीची गोष्ट. तिचं नाव फाया. पाचव्या वर्षी राजवाड्यातून निघालेली ही पोर रत्नागिरीतच मोठी झाली. चारही बहिणींना तोलामोलाचं स्थळ मिळेना आणि वयं वाढत गेली. फायाचं राजवाड्यावरच्या नोकरीतल्या गोपाळ सावंत यांच्याशी जमलं. त्यांचं लग्न आधीच झालेलं होतं. 1906 मध्ये फायाला मुलगी झाली, टूटू. 1919 मध्ये आईबरोबर फायाही रंगूनला गेली, पण तिथं ती रमली नाही. काही काळातच ती रत्नागिरीला परतली आणि 1947 मध्ये हलाखीत तिथंच वारली. टूटू मराठी बोलत वाढली, ड्रायव्हरशी लग्न केलं, गोवऱ्या थापून विकल्या, लेकरं वाढवली आणि म्हातारी होऊन रत्नागिरीतच गेली. राजाची नात ती, पण शेजारपाजारच्या बायांसारखीच एक बाई.

आता विचार करा. आई आणि लेक, दोघी एकाच बोटीनं परत गेल्या. आईला वाटलं आपण घरी चाललो, आणि तिला घर मिळालं नाही. लेकीला कळलं की आपलं घर मागे राहिलं. राजकन्या म्हणून तिला तिथं मान होता, इथं गरिबी होती, तरी ती इथं आली. लोक तिला वेडी म्हणाले असतील. आम्हाला मात्र वाटतं, त्या कुटुंबात कुठे राहायचं हे स्वतः ठरवणाऱ्या ज्या थोड्या बायका होत्या, त्यात ही एक. फक्त तिच्या हातात पैसा नव्हता, म्हणून तो निर्णय तिला महाग पडला.

2012 च्या डिसेंबरात म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत येऊन थिबाच्या समाधीपुढे वाकून गेले. राजाची आठवण अशी सरकारी इतमामानं निघते. फायाची समाधीही रत्नागिरीतच आहे, पुढच्या वेळी सहल गेली तर तिथंही जा.

आणि त्याआधी एक काम. आपल्या भागातल्या कितीतरी बाया दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडतात आणि सहा महिन्यांनी परततात. काहीजणी नवरा गेल्यावर सासरीही नको आणि माहेरीही नको अशा होतात. परत यायचं ते कुठे, हा प्रश्न राणीलाच होता असं नाही. म्हणून या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीनं आपल्या घराचा नमुना आठ घेऊन या. त्यावर कुणाचं नाव आहे ते एकमेकींना वाचून दाखवू. जिचं नाव नसेल, तिचा अर्ज तिथंच बसून लिहू.