थैलीविना धर्मप्रचार : मुंबई-पुण्यातील तरुण मॉर्मन मिशनऱ्यांचे दैनंदिन जीवन (१८५२–१८५६)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासात अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन यांना मोठे स्थान मिळाले आहे, आणि ते योग्यही आहे. या मिशनांनी शाळा काढल्या, मुद्रणालये चालविली, मराठी गद्याला वळण लावण्याच्या कामात हातभार लावला. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. याच काळात मुंबई व पुणे येथे आणखी एका पंथाचे मिशनरी काही वर्षे राबत होते, याची नोंद मात्र मराठीत क्वचितच आढळते. हा पंथ म्हणजे ‘चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, अर्थात मॉर्मन पंथ. त्यांनी येथे शाळा काढली नाही, इमारत बांधली नाही आणि टिकणारी मंडळीही मागे ठेवली नाही. अपयशी ठरलेल्या उपक्रमाकडे इतिहासकारांचे लक्ष सहसा जात नाही. तथापि परमुलुखात आलेला तरुण प्रचारक कोठे राहतो, कोणाच्या घरी जेवतो, भाषा कशी शिकतो, या साध्या बाबींवर त्याच्या कार्याचे भवितव्य किती अवलंबून असते, हे या अपयशातून जितके स्पष्ट दिसते तितके यशस्वी मिशनांच्या अहवालांतून दिसत नाही.

मिशनऱ्यांची पार्श्वभूमी :

जोसेफ स्मिथ याने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. १८४४ मध्ये जमावाने त्याची हत्या केली. त्यानंतर ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली अनुयायी पश्चिमेकडे निघाले आणि १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात स्थिरावले. हिंदुस्थानातील पहिले कार्य कलकत्त्यास १८५१ मध्ये जोसेफ रिचर्ड्स याने सुरू केले. मुंबईसाठी निवड झाली ती ह्यू फिंडले या स्कॉटिश तरुणाची. एअरशायरमध्ये १८२२ साली जन्मलेला फिंडले सप्टेंबर १८५२ मध्ये एकटाच मुंबईस उतरला. तेव्हा त्याचे वय ३० वर्षांचे होते.

त्याच सुमारास, ऑगस्ट १८५२ मध्ये, सॉल्ट लेक येथील परिषदेत हिंदुस्थान व सयाम येथे जाण्यासाठी तरुणांची नावे पुकारण्यात आली. नाव पुकारले गेले की निघायचे, असा शिरस्ता होता. त्यासाठी वेतन नव्हते आणि मुदतही निश्चित नव्हती. घरदार, शेती, कित्येकांच्या बाबतीत पत्नी व लहान मुले मागे ठेवून तेरा जणांनी प्रथम खुष्कीने कॅलिफोर्निया गाठले आणि जानेवारी १८५३ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोहून ‘मॉन्सून’ नावाच्या जहाजाने ते निघाले. एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे बंगालच्या ऐन उन्हाळ्यात, ते कलकत्त्यास पोहोचले. नॅथॅनिएल जोन्स हा या तुकडीचा प्रमुख होता. त्यांतील विल्यम कार्टर प्रकृती ढासळल्यामुळे लवकरच परत फिरला. सयामसाठी नेमलेल्यांपैकी चॉन्सी वेस्ट (वय २६) व बेंजामिन ड्यूई हे सिलोनमार्गे मुंबईस आले. अविवाहित अमोस मिल्टन मसर, ज्याची विशी नुकतीच उलटली होती, ट्रुमन लेनर्डसमवेत पुढे मुंबईमार्गे कराचीस गेला. फिंडलेचा भाऊ ॲलन हाही मुंबईत येऊन मिळाला. मुंबई इलाख्यातील मॉर्मन कार्याचा सारा संसार एवढाच होता.

थैलीचा नियम आणि निवाऱ्याचा प्रश्न :

या मिशनऱ्यांच्या दिनक्रमाचे मूळ एका नियमात सापडते. येशूने शिष्यांना थैली व झोळी न घेता पाठविले, ही बायबलमधील आज्ञा ते अक्षरशः पाळीत. पैसा जवळ बाळगायचा नाही. जो ऐकेल तोच जेवू घालील आणि अंथरूण देईल, असा विश्वास त्यामागे होता. अमेरिकेतील व इंग्लंडमधील खेड्यांत हा नियम उत्तम चालला. तेथे प्रचारक व यजमान यांची भाषा एक, अन्न एक, धर्मग्रंथही एक. संध्याकाळी दारात उभ्या राहिलेल्या प्रवाशाला चुलीपाशी जागा देणे तेथील रीतीला धरून होते.

दख्खनमध्ये हाच नियम संपूर्ण विपरीत ठरला. वास्तविक, रिकाम्या हाताने धर्म सांगत फिरणारा मनुष्य मराठी मुलखाला नवा नव्हता. माधुकरी मागणारा विद्यार्थी, गोसावी, फकीर, वासुदेव, दिंडीतला वारकरी हे सर्व परक्या दारच्या अन्नावरच चालत. परंतु भिक्षा घालणे वेगळे आणि पंक्तीला घेणे वेगळे. परधर्मीयाला घरात घेऊन जेवू घालणे जातिनियमांना मान्य नव्हते. त्यातही हा परधर्मीय गोरा होता. पेशवाई जाऊन जेमतेम ३५ वर्षे झाली होती आणि गोरा मनुष्य म्हणजे सरकार, हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले होते. साहेब पालखीतून किंवा घोड्यावरून यायचा, त्याच्यामागे चपराशी असायचे. भर उन्हात पायी फिरणारा, खिशात दमडी नसलेला साहेब कोणत्या वर्गात बसवावा, हे लोकांना उमगत नसल्यास नवल नाही.

परिणामी थैलीविना आलेल्या या तरुणांना निवाऱ्यासाठी गोऱ्यांच्या व युरेशियनांच्या दारांवरच अवलंबून राहावे लागले. त्यांत लष्करातील शिपाई, हलके कारकून आणि त्यांची कुटुंबे अधिक होती. हा समाज संख्येने लहान असून बहुतांशी छावणीत राहणारा होता. मुंबईत फिंडलेविरुद्ध वृत्तपत्रांनी व पाद्र्यांनी आधीच वातावरण तापविलेले होते. त्याने लेख व पत्रके छापून उत्तरे दिली, पण सभेसाठी जागा मिळणे दुरापास्त झाले. म्हणून तो पुण्याकडे वळला.

पुण्याचा मार्ग तेव्हा सुलभ नव्हता. मुंबई-ठाणे रेल्वे एप्रिल १८५३ मध्ये सुरू झाली. बोरघाटातून थेट रेल्वे धावण्यास १८६३ उजाडले. प्रवासी बोटीने पनवेलला जात आणि तेथून १८३० मध्ये खुल्या झालेल्या घाटरस्त्याने खंडाळ्यावरून पुण्यास पोहोचत. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी फिंडलेला छावणीत प्रचार करण्यास मनाई केली. ज्या दारांवर त्याचे जेवणखाण अवलंबून होते, तीच या हुकमाने बंद झाली. अन्य मिशनऱ्याला असा हुकूम अडचणीचा वाटला असता. थैली नसलेल्या मिशनऱ्याच्या बाबतीत तो त्याच्या भाकरीवरच घाला होता. तरीही फिंडले हटला नाही. त्याने छावणीबाहेर मुक्काम केला, सभा घेतल्या आणि युरोपीय, युरेशियन व काही एतद्देशीय सभासदांची छोटी शाखा उभी केली.

भाषेचा अभ्यास :

फिंडलेच्या पुण्यातील वास्तव्याचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याचा मराठीचा अभ्यास. त्या काळी परकीयास उपलब्ध असलेली साधने मोजकीच होती. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, स्टीव्हन्सनचे व्याकरण १८३३ चे आणि दादोबा पांडुरंगांचे १८३६ चे. छापील मजकूर बाळबोध लिपीत, तर बाजारातील चिठ्ठ्या, हिशेब व कागदपत्रे मोडीत. म्हणजे बाळबोध शिकलेला मिशनरी पुस्तक वाचू शके, पण वाण्याच्या वहीतील ओळ त्याला लागत नसे. याखेरीज पंडित ठेवून तोंडी शिकणे हाच मार्ग उरत असे आणि पंडिताला वेतन द्यावे लागे. थैलीचा नियम येथे पुन्हा आडवा येतो.

मुंबईत १८५५ मध्ये फिंडलेची एक पुस्तिका प्रसिद्ध झाली. ‘हिंदुस्थानातील मराठ्यांस’ अशा संबोधनाने तिचे शीर्षक सुरू होते आणि सत्य व जिवंत ईश्वर आणि त्याचा धर्म हा तिचा विषय आहे. येथे ‘मराठे’ हा शब्द जातिवाचक नसून मराठी मुलखातील समस्त लोकांना उद्देशून वापरलेला दिसतो. मात्र ही पुस्तिका निघाली तेव्हा लेखकाच्या प्रस्थानाचे वर्ष उजाडले होते. ज्या वाचकांसाठी ती लिहिली, त्यांच्यापर्यंत ती पोहोचविणारे कोणी मागे उरले नाही.

या अभ्यासाची साधने जवळजवळ सर्वच मिशनऱ्यांच्या बाजूची आहेत, ही मर्यादा येथे ध्यानात घ्यावी लागते. त्यांच्या रोजनिशा आहेत, लिव्हरपूलच्या ‘मिलेनियल स्टार’ या नियतकालिकात छापलेली त्यांची पत्रे आहेत. त्यांना अक्षरे गिरवायला लावणारा पंडित, त्यांचे पाणी भरणारा गडी किंवा सभेत कुतूहलाने डोकावणारा बाजारकरी यांचे म्हणणे या कागदांतून त्यांच्या शब्दांत ऐकू येत नाही.

समकालीन पुणे आणि इतर मिशनरी :

फिंडले ज्या काळात आला त्या काळचे पुणे स्तब्ध नव्हते. जोतीराव फुले यांनी १८४८ पासून मुलींच्या व अस्पृश्य मानलेल्यांच्या शाळा सुरू केल्या होत्या. नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात त्यांचा सरकारतर्फे सत्कार झाला, तेव्हा फिंडलेला मुंबईत येऊन दोन महिने झाले होते. धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क राखणारा कायदा १८५० मध्ये संमत होऊन त्यावर वादळ उठले होते. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा १८५४ चा. म्हणजे धर्मविषयक प्रश्नांवर बोलण्यास उत्सुक असा सुशिक्षित वर्ग उपलब्ध होता. मात्र त्याच्याशी संवाद होई तो शाळेच्या वर्गात, मुद्रणालयात आणि वृत्तपत्राच्या पानांवर. आणि यांपैकी काहीही चालविण्यास मनुष्यबळ व पैसा लागत असे.

अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईस आला तेव्हा तोही तिशीच्या आतलाच होता. नाशिककडील दौऱ्यावरून परतताना १८२६ मध्ये पटकीने त्याचा अंत झाला, पण त्याच्यामागे बॉस्टन येथील मंडळाचा निधी होता, शाळा होत्या, छापखाना होता. एक गेला तरी दुसरा त्याच घरात येऊन राहत असे.

केवळ दारिद्र्यामुळे मॉर्मन फसले, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. जॉर्ज बोवेन याचे उदाहरण त्याच्या विरोधात जाते. हा अमेरिकन मिशनरी १८४८ मध्ये मुंबईस आला आणि लवकरच त्याने आपले वेतन सोडले. एतद्देशीय वस्तीत, अत्यल्प खर्चात तो राहिला आणि मायदेशी एकदाही न जाता १८८८ मध्ये मुंबईतच वारला. फिंडले व बोवेन एकाच शहरात, एकाच वेळी निर्धन होते. फरक असा की, बोवेन कोणाच्या दाराशी गेला नाही. शिकवण्यांतून पोटापुरते मिळवून स्वतःच्या बिऱ्हाडात राहिला आणि भाषा मुरण्यास लागणारी वर्षे त्याने दिली. मॉर्मन तरुणाकडे वेळही नव्हता आणि बिऱ्हाडही नव्हते.

श्रोत्यांचे प्रश्न :

बंगालमधील अनुभव या संदर्भात बोलका आहे. कलकत्त्याजवळच्या खेड्यांतील बऱ्याच रयतेने प्रारंभी हा पंथ स्वीकारला आणि काही लाभ नाही असे दिसताच ती तितक्याच त्वरेने दूर झाली. जोन्सची तुकडी पोहोचली तेव्हा मूठभरच सभासद उरले होते. मिशनऱ्यांनी याला लोभ म्हटले. हा निवाडा एकांगी आहे. धर्म बदलणाऱ्या रयतेला जात, गावकी, विहीर आणि बहुधा कूळवहिवाट यांनाही मुकावे लागे. त्या बदल्यात जगण्याची सोय काय, हा प्रश्न संसारी माणसाचा होता. इतर मिशने त्याचे काही ना काही उत्तर देत. ज्यांचे स्वतःचेच उद्याचे जेवण ठरलेले नव्हते, ते काय उत्तर देणार?

मॉर्मनांकडे एक उत्तर होते. ते म्हणजे सर्व अनुयायांनी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात एकत्र येणे. हिंदूंच्या दृष्टीने समुद्रपर्यटन म्हणजे जात गमावणे. शिपायाला पलटण सोडता येत नव्हती. कारकुनाला जहाजाचे भाडे परवडत नव्हते. जे खरोखर निष्ठावान झाले ते मात्र निघून गेले. त्यामुळे शाखा वाढण्याऐवजी तिच्यातील कर्ती माणसेच कमी होत गेली. कलकत्त्याकडील मॅथ्यू मक्यून या लष्करी सेवकाचे कुटुंब असेच युटाला गेले.

त्यात १८५२ च्या त्याच परिषदेत बहुपत्नीत्वाची उघड घोषणा झाली आणि ती बातमी पुढील वर्षी येथे पसरली. ज्या देशात राजेरजवाड्यांपासून सामान्यांपर्यंत दुसरा विवाह कायद्याने निषिद्ध नव्हता, तेथे या मिशनऱ्यांना बहुपत्नीत्वामुळे अपमान सोसावे लागले ते गोऱ्या समाजाकडूनच. त्यांचा आधारच तो असल्याने घाव नेमका बसला.

निजामाच्या सरहद्दीपलीकडे :

मराठी भाषेतील पुस्तिका ज्यांच्यापर्यंत जाऊ शकली असती, त्या प्रदेशाचा मोठा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्ग व रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात आले. बीड मात्र निजामाकडेच राहिले. मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती, परंतु छावणीचे दार पुण्यातच बंद झालेल्या पंथाला तेथे जाण्याचे साधन नव्हते. आष्टी-पाटोद्याच्या शेजारी, अहमदनगर जिल्ह्यात, अमेरिकन मराठी मिशनने गावोगाव शाळा उभारल्या; मॉर्मनांची मजल पुण्याच्या पुढे गेली नाही.

परतीचा प्रवास :

वेस्ट व ड्यूई १८५४ मध्ये मुंबईहून निघून गेले. फिंडले बंधूंनी १८५५ मध्ये काही अनुयायांसह प्रस्थान ठेवले. १८५३ च्या तुकडीतील अखेरचा मिशनरी रॉबर्ट स्केल्टन १८५६ मध्ये कलकत्त्याहून निघाला. त्यानंतर दीर्घ काळ या देशात पंथाचे संघटित कार्य नव्हते. बंगळूर येथे स्वतंत्र मिशन स्थापन झाले ते १९९३ मध्ये. आजचा मॉर्मन मिशनरी निश्चित मुदतीसाठी येतो, सोबत्याशिवाय फिरत नाही, त्याच्या खर्चाची तरतूद आधीच झालेली असते, आणि २०१२ पासून मुलांना १८ व्या वर्षीच निघता येते.

मसर १८५७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून घरी पोहोचला. पुढे त्याला पंथाच्या आर्थिक व्यवहारांची देखरेख करणारा फिरता बिशप नेमण्यात आले. जो तरुण कलकत्त्यास दमडीही न घेता उतरला होता, तो अनेक वर्षे युटाच्या गावोगाव फिरून दशमांशाचे हिशेब तपाशीत राहिला.