अंतराळातून अध्यापन
अंतराळवीरांनी यानातून वा स्थानकातून विद्यार्थ्यांना दिलेले पाठ. ‘नासा’च्या ‘टीचर इन स्पेस’ योजनेत अकरा हजारांहून अधिक अर्जांतून क्रिस्टा मकॉलिफ (१९४८–८६) या न्यू हॅम्पशरमधील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षिकेची निवड झाली. यानातील दैनंदिन जीवनावर त्या थेट पाठ घेणार होत्या. मात्र २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे त्यांचे यान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन त्यातील सातही जण मृत्युमुखी पडले. मकॉलिफ यांच्या राखीव सहकारी बार्बरा मॉर्गन २००७ मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून अंतराळात गेल्या.

मकॉलिफ यांचे राहून गेलेले काही प्रयोग जो अकाबा व रिकी आर्नल्ड या माजी शिक्षकांनी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात केले. त्यांतला फसफसणाऱ्या गोळीचा प्रयोग विशेष बोलका आहे. पृथ्वीवर उत्प्लावनामुळे बुडबुडे वर येऊन फुटतात; स्थानकात मात्र ते तरंगत्या पाण्याच्या गोळ्यातच अडकून राहतात. तेथे गुरुत्वाकर्षण नसते, हा पाठ्यपुस्तकांबाहेरही रुजलेला गैरसमज आहे. प्रत्यक्षात तेथील गुरुत्वाकर्षण भूपृष्ठावरच्या सुमारे ९० टक्के असते. स्थानक सतत मुक्तपणे पडत असल्याने भारहीनता जाणवते आणि बुडबुडे वर येत नाहीत.

२०२५ मध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनी स्थानकातून हॅम रेडिओद्वारे भारतीय विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली.